मौनविचार आणि मराठी वेदान्तवाङ्मयाचे वाचन

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बोलाच्या थोरवीच्या ज्या ओव्या आल्या आहेत, त्या मराठीच्या विद्यार्थ्याला निराळ्या सांगाव्या लागत नाहीत. अमृताशी स्पर्धा करू पाहणाऱ्या या बोलाचा उल्लेख शालेय पुस्तकापासून संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्या निमित्ताने झालेल्या भाषणांत आणि लेखांतही या ओव्यांची आठवण होणे स्वाभाविक होते. पदव्युत्तर वर्गात त्या 'ज्ञानेश्वरांचा भाषाभिमान' या शीर्षकाखाली शिकविल्या जातात आणि परीक्षेत त्याच शीर्षकाखाली विचारल्या जातात. मात्र एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा भाषागौरव सहाव्याच अध्यायात का यावा?

सहावा अध्याय ध्यानाचा आहे. गीतेतील आसन, एकान्त, चित्ताचा निरोध आणि वाऱ्यासारख्या मनाविषयीची अर्जुनाची तक्रार हे सारे याच अध्यायात येते. इंद्रिये आवरून वाणीसह मन आत वळविण्याचा मार्ग जेथे सांगावयाचा, त्याच्या उंबरठ्यावर शब्दाचा हा उत्सव मांडलेला आहे. विसंगती म्हणून तो सोडून देता येणार नाही, आणि प्रास्ताविक म्हणून बाजूला काढूनही ठेवता येणार नाही. मराठी वेदान्तवाङ्मयात मौनाचा विचार कोणत्या वाटेने होतो, याची खूण नेमकी या जागी आहे. मौन ही शब्दाच्या अभावाची अवस्था नसून शब्दाने आपले काम पुरे केल्यावर उरणारी अवस्था होय, अशी या वाङ्मयाची धारणा आहे. ही धारणा केवळ तत्त्वज्ञानाची नाही, ती रचनेचीही आहे. म्हणून तिचा अभ्यास साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

प्रत्यक्षात तो टाळला जातो, आणि त्याच्या दोन रीती आहेत. ओवीतील उपमा, दृष्टान्त, नाद आणि लय यांची नोंद घेऊन आशयाचा भाग 'हे तत्त्वज्ञान झाले' म्हणून शेजारच्या विभागाकडे सोपविणे ही पहिली रीत. दुसरी अधिक श्रद्धाळू, आणि म्हणूनच अधिक अडचणीची. 'हा अनुभवाचा प्रांत आहे, येथे शब्द खुंटतात' असे म्हणून चर्चा तेथेच थांबविली जाते. पहिल्या रीतीत शब्द राहतो आणि त्याचे प्रयोजन जाते. दुसरीत प्रयोजन राहते, पण ते साधण्यासाठी कवीने शब्दांशी केलेला सारा व्यवहार नजरेआड होतो. दोन्ही रीतींचा शेवट एकच, मौनाच्या विचाराचे वाचन होत नाही.

ध्यान आणि ज्ञान यांचा संबंध काय, हा वेदान्तातील जुना वाद आहे, आणि त्याची तोंडओळख असल्याशिवाय मराठी ग्रंथांतील भूमिका स्पष्ट होत नाहीत. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. ध्यान ही मानसिक असली तरी क्रियाच आहे. ती करणे, न करणे किंवा वेगळ्या प्रकारे करणे हे करणाऱ्याच्या अधीन असते. ज्ञान तसे नाही. ते वस्तूच्या अधीन असते. छांदोग्य उपनिषदातील पंचाग्निविद्येत पुरुषाच्या ठायी अग्नीची भावना करावयास सांगितले आहे. ती भावना विधीच्या आज्ञेवरून, प्रयत्नाने करावयाची असते. समोरचा खरा अग्नी अग्नी म्हणून ओळखण्यास मात्र आज्ञा लागत नाही की प्रयत्न लागत नाही. आत्मा ही नव्याने साधावयाची वस्तू नसल्यामुळे केवळ ध्यानक्रियेने मोक्ष 'उत्पन्न' होतो असे म्हणता येणार नाही, असा या भेदाचा रोख आहे.

मग उपनिषदांनी श्रवण आणि मनन यांच्यापुढे निदिध्यासन कशाला सांगितले? येथे अद्वैत्यांतच फाटे फुटले. शब्दापासून होणारे ज्ञान परोक्ष असते आणि सततच्या अनुचिंतनानेच ते साक्षात होते, असा मंडनमिश्रांच्या 'ब्रह्मसिद्धी'चा कल आहे. सुरेश्वराचार्यांनी 'नैष्कर्म्यसिद्धी'त त्या मताला विरोध केला. पुढे वाचस्पतिमिश्रांच्या 'भामती'ने संस्कारित मनाला साक्षात्काराचे साधन मानले, तर 'विवरण'कार प्रकाशात्म्यांनी शब्दच अपरोक्ष ज्ञान देऊ शकतो असा पक्ष घेतला. या पक्षाचा आवडता दृष्टान्त दहाव्या माणसाचा. दहा जण नदी उतरून जातात. जो तो इतरांना मोजतो आणि स्वतःला विसरतो. एक बुडाला म्हणून शोक सुरू होतो. वाटसरू सांगतो, 'दहावा तूच आहेस.' या वाक्यानंतर त्याला डोळे मिटून काही करावे लागत नाही. वाक्य कानी पडते तेथेच काम होते, आणि पुढे ते वाक्य घोकीत बसण्याचे कारण राहत नाही. शब्द अपुरा असतो म्हणून मौन येते असे नाही. शब्द पुरेसा ठरला म्हणूनही मौन येते. साहित्याच्या अभ्यासकाने या वादातून घ्यावयाचे ते एवढेच, पण ते थोडे नव्हे.

मौनाचा सर्वांत प्रसिद्ध वेदान्ती दाखलाही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावर भाष्य करताना आचार्यांनी बाष्कली आणि बाध्व यांची एक कथा श्रुती म्हणून दिली आहे. आज उपलब्ध असलेल्या उपनिषदांत ती आढळत नाही. बाष्कलीने ब्रह्म विचारले. बाध्व गप्प राहिला. दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. शेवटी बाध्व म्हणाला की सांगतोच आहे, पण तुला कळत नाही. हा आत्मा उपशान्त आहे. मौन हेच उत्तर, असे सांगण्यासाठी ही कथा नेहमी वापरली जाते. तथापि कथेचा शेवट मौनाचा नाही. बाध्वाला अखेर बोलावे लागले. ते एक वाक्य आले नसते तर बाष्कलीच्या दृष्टीने ते मौन निव्वळ अबोला ठरला असता, कदाचित अवज्ञाही. मौनाला अर्थ यावयाचा तर त्याच्या मागे किंवा पुढे शब्दाची चौकट लागते, याची जाणीव ही कथा सांगणाऱ्याला होती. मांडूक्य उपनिषदात ओंकाराच्या तीन मात्रांनंतर जो मात्रारहित चौथा सांगितला आहे, त्याचेही तसेच. तीन मात्रांचा उच्चार झाल्यावरच नंतरच्या निःशब्दाला काही स्थान प्राप्त होते.

हे ध्यानात घेऊन सहाव्या अध्यायाकडे परत यावे. भाषागौरवाच्या त्या ओव्या एकट्या नाहीत, त्यांच्यापुढे एक क्रम आहे. प्रथम बोलाची गोडी सांगितली. मग त्या गोडीसाठी इंद्रियांत भांडण लागले. जिभेला वाटते हा रस आपला, नाकाला वाटते हा गंध आपला, डोळ्यांना त्यात रूप दिसते आणि बाहूंना आलिंगनासाठी पुढे व्हावेसे वाटते. येथपर्यंतचा भाग अभ्यासक्रमात येतो आणि त्यावर 'इंद्रियगोचर प्रतिमासृष्टी' अशी टीप पडते. पण ज्ञानेश्वर तेथे थांबत नाहीत. या शब्दांची ताटे करून त्यांत कैवल्यरस वाढला आहे असे ते म्हणतात, आणि मग जेवणाऱ्याची अट सांगतात. इंद्रियांना चुकवून जो जेवील त्यालाच हे लाभेल. श्रोत्याने कानावर अवलंबून न राहता श्रोता व्हावे, मनाने मनाच्याच अंगाने हे भोगावे. ज्या शब्दासाठी सर्व इंद्रिये धावली, त्याच शब्दाने त्यांना दाराबाहेर उभे केले आहे. भाषागौरवाचा हा परिच्छेद स्वतःच एक ध्यानक्रम आहे. बाहेरून आत नेण्याची जी क्रिया पुढे शेकडो ओव्यांत सांगावयाची, ती श्रोत्याकडून आधीच, त्याच्या नकळत, करवून घेतली जाते. 'भाषाभिमान' हे शीर्षक या परिच्छेदाच्या पहिल्या पायरीला लागू पडते. शेवटच्या पायरीला ते लागू पडत नाही.

याच अध्यायातील एकान्ताचे वर्णनही असेच वाचले पाहिजे. गीतेने शुद्ध जागा एवढेच म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी ती जागा अशी वर्णिली आहे की तपाचा विचार मनात नसलेल्यालाही तेथे बसावेसे वाटावे, आणि विलासी माणसालाही तेथून उठणे नकोसे व्हावे. शांतता हवीच. परंतु पाण्याकाठी हंस असतील, चार-दोन सारस असतील, क्वचित एखादा कोकिळ येऊन बसेल, मोरही अधूनमधून येऊन गेला तरी कवीची ना नाही. या परवानगीच्या सुरात एक मिस्कीलपणा आहे, आणि विचारही आहे. ध्यानाच्या जागेतून आवाज हद्दपार केलेला नाही, त्याची गर्दी तेवढी नाकारली आहे. अधूनमधून होणारा आवाजच शांततेला ऐकू येण्याजोगे रूप देतो. निर्वात पोकळीचे वर्णन करावयाचे असते तर कवीला पाखरांची गरज नव्हती.

त्यानंतर येणारा कुंडलिनीचा भाग मूळ गीतेत नाही. तो नाथपंथाचा ठेवा आहे, आणि आपण गीतेत नसलेले काही उघड करीत आहोत याची जाणीव ज्ञानेश्वरांनी लपविलेली नाही. योगशास्त्राच्या दृष्टीने त्याची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. येथे लक्ष वेधावयाचे ते एवढ्याकडेच की, ज्या अनुभवात वाणीचा लय सांगितला आहे तेथे ओवी आखडत नाही. ती उलट विस्तारते, दृष्टान्तांमागून दृष्टान्त येतात. अखेरीस आता बोलणे पुरे, असे कवी म्हणतो तेव्हा ते थांबणे ऐकणाऱ्याला जाणवते, कारण तोवर बोलणे भरून आलेले असते.

'अनुभवामृत', म्हणजे रूढ नावाने 'अमृतानुभव', हा ग्रंथ या प्रश्नाचा कणा होय. त्याच्या दहा प्रकरणांपैकी निदान तीन थेट वाणीविषयी आहेत. तिसऱ्या 'वाचाऋणपरिहारा'त परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणींचे ऋण फेडावयाचे आहे. त्यांनी अज्ञान घालवून ज्ञान दिले हा उपकारच मुळी बंधन ठरतो, अशी तेथील विचाराची दिशा आहे. याच प्रकरणात शिवसूत्रांचा आधार घेतलेला असल्यामुळे काश्मीरच्या शैव परंपरेशी या ग्रंथाचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पाचव्या प्रकरणात सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे तपासली आहेत. ही पदे ब्रह्माला चिकटणारी विशेषणे नव्हेत. असत्, जड आणि दुःख यांची निवृत्ती करून ती स्वतःही निवृत्त होतात. ही गोष्ट ज्ञानेश्वरांनी एका दृष्टान्तमालेतून सांगितली आहे. फूल फळ देऊन संपते, फळ रस देऊन, रस तृप्ती देऊन. आहुती अग्नीत पडली की हात मागे येतो. गाणे सुख जागवून गप्प होते.

हा शेवटचा दृष्टान्त मौनविचाराच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. गाणे संपल्यानंतरची शांतता आणि गाणे सुरूच झाले नाही तेव्हाची शांतता यांत आवाजाच्या मोजमापाने काहीच फरक नाही. तरी त्या दोन शांतता एक नव्हेत, हे मैफलीत बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. वेदान्ताला अभिप्रेत असलेले मौन पहिल्या जातीचे आहे.

सहावे प्रकरण 'शब्दखंडना'चे. त्याच्या नावावरून अनेकदा गैरसमज होतो आणि 'ज्ञानेश्वर येथे शब्दाला कमी लेखतात' असे विधान मार्गदर्शिकांतून उतरते. प्रकरणाची सुरुवात मात्र शब्दाच्या स्तुतीने होते. शब्द आठवण करून देणारा आहे, तो आरशासारखा आहे, आणि हा आरसा आंधळ्यालाही दिसू शकतो, इतकी त्याची महती आहे. खंडन येते ते पुढे, आणि वेगळ्या कारणाने. आठवण कोणाला करून द्यावयाची? ज्याला विसर पडला त्याला. आत्म्याला स्वतःचा विसर पडतच नाही. बरे, शब्दाने अविद्या नष्ट करावयाची म्हटले तर अविद्या मुळात नाहीच. जे नाही त्याचा नाश करण्यात पुरुषार्थ तो काय? शब्द दुबळा आहे असे येथे म्हटलेले नाही. त्याच्यासाठी काम उरलेले नाही, असे म्हटले आहे. शांकर अद्वैताच्या चौकटीत अविद्येला जे स्थान आहे ते ज्ञानेश्वरांना मान्य नाही, आणि सातव्या, सर्वांत दीर्घ अशा 'अज्ञानखंडना'त त्यांनी ते सविस्तर नाकारले आहे. म्हणून दहाव्या माणसाचा दृष्टान्त येथे जसाच्या तसा चालत नाही. त्या दृष्टान्तातील दहावा स्वतःला खरोखर विसरलेला असतो. ज्ञानेश्वरांचा आत्मा एक क्षणही विसरलेला नाही. मायावाद की स्फूर्तिवाद, हा मराठी अभ्यासकांतील जुना वाद या ठिकाणी साहित्यविचाराला येऊन मिळतो. अविद्या खरी मानली तर शब्द हे औषध ठरते. अविद्या नाहीच असे मानले तर शब्द हा विलास ठरतो, गरजेवाचूनचा, निखळ. शब्दाचे खंडन करणारे हे प्रकरण स्वतः शब्दांचा एवढा ऐवज का उधळते, या कोड्याचे उत्तर दुसऱ्या पर्यायात आहे.

नवव्या प्रकरणातील जीवन्मुक्ताचे ध्यान याच अंगाने समजते. ध्याता, ध्येय आणि ध्यान ही त्रिपुटी तेथे मोडलेली नाही. एकाच वस्तूची ती तीन अंगे म्हणून खेळत राहते. देव, देवालय आणि सेवक हे सारे एकाच कातळातून घडविलेले असावेत, तशी ही भक्ती. वेरूळची लेणी ज्या मुलुखात आहेत त्याच मुलुखात हा दृष्टान्त सुचला, हे विसरू नये. असा पुरुष बोलला तरी मौन ढळत नाही आणि चालला तरी आसन मोडत नाही. येथे पोहोचल्यावर मौनाला तोंड मिटण्याशी बांधून ठेवण्याचे कारण उरत नाही. दहाव्या प्रकरणाचा शेवटही गुहेत होत नाही. सगळ्या विश्वाला या अनुभवाचा सण साजरा करण्याचे निमंत्रण देऊन ग्रंथ संपतो.

कोऱ्या मौनाचा एक अविस्मरणीय दाखला मराठी परंपरेने जपून ठेवला आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले. पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या अशा मुलाला 'चिरंजीव' लिहावे की 'तीर्थरूप', हा पेच न सुटल्याने कागद कोराच धाडला, अशी आख्यायिका आहे. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, हा मुक्ताबाईंचा टोला त्याच कथेतला. आख्यायिकेची ऐतिहासिकता सिद्ध करण्याचे येथे कारण नाही, तिच्यातली मर्मदृष्टी पुरेशी आहे. कोरा कागद दिसावयास परम मौनासारखाच. पण तो आला होता संबोधन न सुचल्यामुळे, म्हणजे 'मी' आणि 'तू' यांच्या उतरंडीत अडकल्यामुळे. निवृत्तिनाथांनी त्या कागदाला कागदाने उत्तर देण्यास सांगितले नाही. उत्तर गेले पासष्ट ओव्यांचे, आणि 'चांगदेव पासष्टी'चा विषय नेमका तोच आहे, दृश्य, द्रष्टा आणि दर्शन यांच्या पलीकडची भेट, जी होण्याआधीच झालेली असते. अपक्व मौनाला पक्व शब्दाने दिलेले हे उत्तर होय. मौनाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या प्रत्येक व्याख्यानात या कोऱ्या कागदाची आठवण ठेवणे हितावह ठरेल.

पुढच्या शतकांत या विचाराला वेगवेगळी वळणे मिळाली. रामदासांच्या 'दासबोधा'तील चौदाव्या दशकात अखंडध्यानाचे निरूपण आहे. तेथे सूर विवेचकाचा आणि कानउघाडणीचा आहे, आणि त्या सुराची स्वतंत्र चर्चा व्हावयास हवी. एकनाथांच्या भागवतटीकेत ध्यान आणि लोकव्यवहार यांची सांगड अधिक मोकळी आहे. परंतु शब्द आणि मौन यांच्या नात्याची एवढी तीव्र छाननी अमृतानुभवानंतर क्वचितच झाली.

येथे एक आक्षेप येईल. हे सर्व ग्रंथ साधकांसाठी आहेत; साधना न करणाऱ्या वाचकाने त्यांतील मौनाचा अर्थ लावणे हे पोहण्यावरचे पुस्तक काठावर वाचण्यासारखे आहे. आक्षेप हलका नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील इंग्रजी ग्रंथात संतांच्या साक्षात्काराला केंद्रस्थान दिले, आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या बरोबरीने मराठी संतांना उभे केले. हे ऋण मोठे आहे. स्वतः साधक असलेल्या या तत्त्वज्ञाने निवडलेली 'वचनामृते' पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. तथापि वेच्यांच्या या पद्धतीचा एक परिणाम साहित्याभ्यासावर झाला, आणि तो नोंदविला पाहिजे. अनुभवाच्या प्रकारांनुसार ओव्या वेचून वर्गवारीने मांडल्या की नाद, प्रकाश, रूप अशा नोंदी हाती येतात. पण ती ओवी आपल्या ठिकाणी, आपल्या आगेमागच्या ओव्यांत काय करीत होती, हे हरवते. रानड्यांचे उद्दिष्ट वेगळे होते, त्यांना तो दोष देता येणार नाही. दोष असलाच तर तो साहित्याच्या विभागांचा, की त्यांनीही ग्रंथाचा क्रम सोडून वेच्यांचाच अभ्यासक्रम केला. आणि आक्षेपाचे उत्तर ग्रंथांतच आहे. अनुभवी माणसासाठीच लिहावयाचे असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. ज्ञानेश्वरीचा श्रोता पुन्हापुन्हा शंका काढतो, सद्गदित होतो, कवीला मूळ विषयाकडे वळवितो. तो काठावरच बसलेला आहे आणि कवीला तो तेथेच हवा आहे. काठावरच्या माणसाशी शब्द कसे वागतात याचा शोध घेण्यास समाधीची अट नाही.

विसाव्या शतकातही हा प्रश्न संपलेला नाही. रमण महर्षींचे (१८७९–१९५०) मौन जगप्रसिद्ध आहे. परंतु 'मी कोण' या विचाराचे त्यांचे आरंभीचे प्रतिपादन १९०१-०२च्या सुमारास, ते बोलत नसण्याच्या काळात, विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी लिहून दिलेल्या उत्तरांतून तयार झाले. मौनी पुरुषही प्रश्नापुढे अक्षराकडे वळला. मराठी अभ्यासकाला अधिक जवळचे उदाहरण मुंबईच्या खेतवाडीतले आहे. निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) हे सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य; विडीचे दुकान चालविणारे, फारसे शालेय शिक्षण न झालेले. त्यांच्या माडीवरच्या खोलीत देशोदेशींचे लोक येत. महाराज बोलत ते मराठीत. दुभाषे ते इंग्रजीत सांगत. त्या संवादांचे मॉरिस फ्रीडमन यांनी केलेले इंग्रजी संकलन १९७३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि तेथून जगभर गेले. शब्दांच्या आधीचे जे 'असणे' त्याकडे बोट दाखविणारी ही सारी वाणी बोली मराठीतली, ठसकेबाज, प्रश्नकर्त्याला अडविणारी आहे. तरीही आधुनिक मराठी गद्याच्या अभ्यासात तिची दखल जवळजवळ नाही. तिला अध्यात्माच्या कपाटात ठेवले गेले. मराठीत झालेल्या संवादाची कीर्ती अनुवादावर उभी आहे, आणि मूळ बोलण्यातील लय, तुटक वाक्ये, प्रश्नावर उलटा प्रश्न टाकण्याची ढब यांचा अभ्यास करण्याची पात्रता ज्यांच्याकडे आहे त्या विभागांना तो आपला विषय वाटत नाही. गुरुशिष्यसंवाद हा मराठी गद्याचा लीळाचरित्राइतका जुना प्रकार आहे, हे लक्षात घेता ही उदासीनता अधिकच खटकते.

दरम्यान ध्यान आणि मौन हे शब्द विद्यापीठांच्या आवारात निराळ्या दाराने आलेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला. आता त्या निमित्ताने सभागृहात डोळे मिटून बसण्याचे कार्यक्रम होणे ओघानेच आले. मनःस्वास्थ्यासाठी त्यांचा उपयोग असेल. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ताण हलका करणारी ही शांतता आणि शांकर भाष्याने क्रियेहून वेगळे काढलेले ज्ञान या एकच गोष्टी होत, असा समज त्याच आवारातील मराठीच्या वर्गात दुरुस्त झाला नाही तर तो इतरत्र कोठे होणार?

त्यासाठी नवी प्रश्नपत्रिका किंवा नवा पेपर लागत नाही. सहाव्या अध्यायाची सुरुवात, एकान्ताचे वर्णन आणि अर्जुनाची मनाविषयीची तक्रार एवढा भाग सलग, न वेचता वाचला, आणि त्याच्या जोडीला अमृतानुभवाचे पाचवे व सहावे प्रकरण ठेवले, तर तासिका जास्तीत जास्त आठ-दहा लागतील. शब्द कोठे भरून येतो आणि कोठे आपणहून मागे सरतो हे विद्यार्थ्याला स्वतःच्या कानाने टिपता येईल. त्यानंतर 'भाषाभिमान' या शीर्षकाखालचा प्रश्न विचारावयाचा की नाही, हे विचारणाऱ्यालाच ठरविता येईल.